तिकिटात नसलेला तुकडा

१२ जून, गिंबाल

तोतो,

हे वाचतोयस म्हणजे पाकीट फोडलंस. आत पैसे नाहीत, आधीच सांगते. आपल्या आईचा, नानायचा, फोटोही नाही. काढू देत नाही ती, म्हणते तोंड वाकडं दिसतं.

अकरा वर्षं थोरली बहीण फोनच करत राहिली. आधी तू उचलायचा नाहीस, मग माझा नंबरच बंद करून टाकलास. पत्राला तसं करता येत नाही, म्हणून हा उद्योग. जहाजबांधणीच्या त्या गोदीत अजून तिथेच आहेस ना? पत्ता तुझ्या जेसेलने दिला. पोरीवर चिडू नकोस, मी तिच्या मागेच लागले होते.

मुद्द्याचं बोलते. परवा तुझ्या लेकीचा सेबूहून फोन आला. बाळाचा बाप्तिस्मा २३ ऑगस्टला आहे, पापा येतो म्हणालाय, तर तिया, माझी आत्या ना तू, तूच तिकीट काढून दे. अख्ख्या सेबूत तिकीट काढणारं दुसरं कुणी नाही की काय? मला कळलं तिच्या मनात काय आहे ते. आईवर गेलीय पोरगी, मऊ बोलून काम साधते.

तर मी तिकीट काढलंय. तेहतीस वर्षं चुआसाहेबांच्या तिकिटांच्या दुकानात त्याच खुर्चीवर बसतेय, तेवढं येतं मला. सिंगापूरहून सेबूला उतरायचं, २० ऑगस्टला. परत जायचं ते सेबूहून नाही, इथून, इलोइलोहून, २५ ऑगस्टला संध्याकाळी पाच चाळीसला. धंद्यात याला ओपन जॉ म्हणतात, उघडा जबडा. नकाशावर काढून बघ, वासलेल्या तोंडासारखं दिसतं. सेबूला परत जायचा हेलपाटा वाचतो, अख्खा एक दिवस वाचतो, आणि पैसेही वाचतात. जेसेलला मी तसंच सांगितलं आणि तिने तुला सांगितलं असेल.

तू हो म्हणालास. पासपोर्टचं पानही जेसेलकडे पाठवलंस. फोटोत टक्कल पडलंय तुला. मी ते पान बराच वेळ उघडं ठेवलं होतं, चुआसाहेब म्हणाले, ओफेलिया, गिऱ्हाईक उभंय.

नानाय बरी आहे. म्हणजे उजवा हात हलत नाही, पण डावा दुप्पट हलतो. मला चिमटे काढते.

तुझी मानांग


६ जुलै, गिंबाल

तोतो,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं.

आज तिकिटाचे नियम लिहिते, म्हणजे उगाच घोळ नको. एक, पहिला तुकडा, म्हणजे सिंगापूर ते सेबू, उडवला नाहीस तर दुसरा आपोआप रद्द होतो. दोन, तारीख बदलता येत नाही, स्वस्तातलं तिकीट आहे. तीन, सेबू ते इलोइलो हा मधला तुकडा तिकिटात नाही. तो प्रवाशाने आपला आपण पार करायचा. रात्रीची बोट घे, पहाटे सहाला इथे धक्क्याला लागते. विमानही आहे अर्ध्या तासाचं, पण कशाला, बोटीत झोपही होते आणि रात्रीचं भाडंही सुटतं.

बोटीचं नाव काढलं आणि तुझ्या कपाळाला आठी पडली असणार.

बरं, बोलूनच टाकते. आपला बाप, ताताय, गेला तेव्हाही मी तुला असंच तिकीट काढून दिलं होतं. सेबूला उतर, बोटीने ये, इलोइलोहून परत जा. नोव्हेंबरचं वादळ मी आणलं नव्हतं, तोतो. बोटी बंद मी केल्या नव्हत्या. तू सेबूच्या धक्क्यावर दोन दिवस दोन रात्री बसून राहिलास आणि इथे आम्ही तातायची शवपेटी उघडी ठेवून तुझी वाट बघत होतो. सात दिवस झाले, आठवा उजाडला. पाद्री म्हणाला आता पुरे. सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले, थोरली ना मी. मी म्हटलं, करा बंद.

तू दुसऱ्या दिवशी सकाळी आलास. धक्क्यावरून थेट दफनभूमीत गेलास, पाववाल्या इसिंगने तुला बघितलं आणि घरी निरोप आणला. नानायने ताट वाढलं. भात, मासा, तुझं आवडतं वांगं. आम्ही वाट बघत बसलो. तास गेला, दोन तास गेले. कुणी शोधायला उठलं नाही. कारण आपल्यात दफनभूमीतून थेट घरी कोण येतं? मेलेला मागे लागून घरात शिरू नये म्हणून आधी कुठेतरी थांबायचं, पाव खायचा, कॉफी प्यायची, मग घर. सगळे म्हणाले, पाग्पाग करत असेल पोरगा, बसला असेल कुठेतरी, येईल. नानाय तर म्हणाली, बरोबर वागतोय, परदेशात राहूनही विसरला नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन मी पडद्यावर तुझं तिकीट उघडलं. इलोइलो ते सिंगापूर, वापरलेलं. आम्ही ताट झाकून ठेवत होतो तेव्हा तू विमानात बसला होतास.

त्या दिवशी एक शिकले. माणसं काही का बोलेनात, पडदा खोटं बोलत नाही.

ओफेलिया


२८ जुलै, इलोइलो, दुकानातून

तोतो,

नानायला परत एक झटका आला. हलका होता, डॉक्टर म्हणाले. आता शब्द नीट येत नाहीत, पण तुझं नाव येतं. सकाळी उठली की विचारते, तोतो कुठे उतरला? मी सांगते, अजून उतरायचाय, सेबूला उतरणार. मग विचारते, इकडे कधी? मी सांगते, इथूनच चढणार आहे ना तो परत, म्हणजे यायलाच हवं. मग शांत होते. दुपारी परत तेच. तिकिटाची छापील प्रत मागितली, ती उशाखाली ठेवलीय. वाचता येत नाही आता, पण तुझ्या नावावर बोट फिरवते.

चुआसाहेब जेवायला गेलेत, दुकानात कुणी नाही, तर एक गोष्ट सांगते. जेसेलला मी खोटं सांगितलं. हे तिकीट स्वस्त नाही. सेबूलाच उतरून सेबूहूनच परत जाणं यापेक्षा बरंच स्वस्त पडलं असतं. वरचा फरक मी भरलाय. जन्मभर लोकांना चार पैसे वाचवून दिले, आणि आयुष्यात पहिल्यांदा महाग तिकीट काढलं तेही स्वस्त म्हणून सांगून. हसशील. हस.

मला दुसरं काही सुचलं नाही. सेबूहून परतीचं काढलं असतं तर तू बाप्तिस्मा उरकून, बाळाच्या हातात अंगठी ठेवून, तिथूनच निघून गेला असतास. आता तुला इलोइलोला यावंच लागेल. घरी नाही आलास तरी विमानतळावर यावं लागेल. सापळाच आहे म्हण. मी नाकारत नाही.

आणि आता तोंड उघडलंच आहे तर दुसरंही सांगते, नाहीतर परत धीर होणार नाही. तातायच्या वेळी मनिलावरून एक जागा होती. त्याच दिवशीची. सकाळी निघाला असतास तर संध्याकाळी घरी. मला पडद्यावर दिसत होती. तिकीट तुझ्या दीड महिन्याच्या पगाराएवढं होतं. तेव्हा तू जेसेलच्या शाळेसाठी ओव्हरटाइम करत होतास, तुझे बूट फाटलेले मी बघितले होते. मी म्हटलं, कशाला, दोन दिवस उशीर झाला तर ताताय काही उठून जात नाही. हे मी हसत म्हटलं, चुआसाहेबांना. आणि तुला फोनवर म्हटलं, एवढंच मिळतंय.

तुला कुणीतरी सांगितलंच नंतर. कुणी सांगितलं ते मला माहीत आहे, पण आता तोही मेला.

मी तुझ्या भल्यासाठी केलं हे अकरा वर्षं घोकतेय. घोकून घोकून गुळगुळीत झालं ते, आता हातात धरवत नाही. तुला वडिलांचं तोंड बघता आलं नाही आणि ते माझ्यामुळे. वादळामुळे नाही. एवढंच.

नानायसाठी ये. माझ्याशी नको बोलूस. मी मागच्या अंगणात कोंबड्यांत जाऊन बसेन.

तुझी मानांग


१५ ऑगस्ट, गिंबाल

तोतो,

घाईत लिहितेय. घरात माणसं फार आहेत, कॉफी सारखी ठेवावी लागते, साखर परत आणायला पाठवलंय.

नानाय शांत आहे. आता दुखत नाही तिला काही. निळा पोशाख घातलाय, तुझ्या पहिल्या पगाराचा.

तू फक्त ठरल्याप्रमाणे वीस तारखेला निघ. पहिला तुकडा उडवला नाहीस तर पुढचा रद्द होतो हे लक्षात आहे ना? सेबूत बाप्तिस्मा नीट होऊ दे. बाळाचं नाव काय ठेवताय? जेसेल सांगत नाही. मग इकडे ये. जमलं तर एक दिवस आधी ये.

पत्र वेळेत पोचेल की नाही कोण जाणे. जास्त पैसे भरून पाठवतेय.

मानांग


२० ऑगस्ट, गिंबाल

तोतो,

हे पत्र बोटीवरच्या ओळखीच्या खलाशाबरोबर सेबूला जेसेलच्या पत्त्यावर धाडतेय. आज दुपारी पडद्यावर बघितलं. सिंगापूर ते सेबू, वापरलेलं. मी टेबलाला धरून बसले. चुआसाहेबांना वाटलं, मलाही झटका आला.

उतरलास बाबा एकदाचा. आपल्या समुद्राच्या त्या काठाला आहेस.

आता ऐक. नानाय गेली. चौदाला पहाटे गेली. मागचं पत्र लिहिलं तेव्हा ती पेटीत होती आणि माणसं जागरणाला आली होती. तू काही दुधखुळा नाहीस, निळा पोशाख आणि कॉफी वाचून समजला असशील, जर ते पोचलं असेल तर. सरळ लिहिलं नाही कारण मला भीती वाटली. वाटलं, आई आहे म्हणून येतोय, नाही म्हटलं तर कशाला येईल? मेलेल्यांसाठी एकदा येऊन बघितलंय त्याने. जेसेललाही मी शपथ घातली होती की पापा विमानातून उतरेपर्यंत बोलू नकोस. तिला बोल लावू नकोस, मला लाव. माझ्या नावावर एवढं साठलंय, त्यात हे एक.

शेवटी तिने काही विचारलं नाही. तिकीट उशाखाली होतं. मी ते पेटीत तिच्या हाताखाली ठेवलंय.

या वेळी मी घाई केलेली नाही. देहात औषधं भरणाऱ्याला विचारलं, जास्तीत जास्त किती दिवस? तो म्हणाला, बारा. पाद्री कुरकुरला, मी म्हटलं फादर, मागच्या वेळी तुमच्या आधीच्या फादरनी घाई केली आणि माझा भाऊ तुटला, या वेळी जमणार नाही. २५ ऑगस्टला सकाळी दहाला दफन. त्याच्या पुढे ढकलता येत नाही, त्याच संध्याकाळी तुझं विमान आहे. चोवीसची रात्रीची बोट घे. सहाला धक्का, आठला घरी. दोन तास तिच्याजवळ बसता येईल. मी सगळ्यांना बाहेर काढीन.

माझा फोन पेटीजवळ असतो, त्यावर जपमाळेच्या प्रार्थना लावून ठेवते, मला रिंग ऐकू आली नाही तरी वाजू दे. नंबर तोच आहे. तू बंद केलेला.

ये, तोतो. अकरा वर्षांत एवढंच मागतेय.

ओफेलिया


२५ ऑगस्ट, विमानतळ, दुपारी दोन

तोतो,

हातात कागद होता, तिकिटांचे कोरे फॉर्म, त्याच्याच पाठीवर लिहितेय.

सकाळी सहापासून फाटकात उभी होते. बोटीची माणसं आली, आपल्या गल्लीतले दोघे त्याच बोटीने आले. त्यांनी सांगितलं, तू नव्हतास. नऊला पाद्री आला. मी म्हटलं, दहापर्यंत थांबा, ठरलंय दहा. दहाला तो माझ्याकडे बघायला लागला. परत सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी सव्वादहापर्यंत थांबवलं. मग परत मीच म्हटलं, करा बंद.

मातीवर फुलं टाकली आणि सगळी मंडळी पाग्पागला इसिंगच्या बेकरीकडे निघाली. नेहमीसारखी दहा मिनिटं, एकेक पाव, आणि घरी. मी नाही गेले. रस्त्यावर उभं राहून मला एकदम सुचलं. मागच्या वेळी मी घरात ताट घेऊन बसले आणि तू विमानतळावर होतास. यंदा तरी शहाणं व्हावं माणसाने. थेट घरी तर जायचं नाहीच आहे, कुठेतरी थांबायचंच आहे, मग विमानतळावरच का थांबू नये? सेबूत रात्रभर घुटमळला असेल, बोट चुकली असेल, चिडला असेल, काही असो. तिकीट इलोइलोचं आहे. चढायला इथेच येणार. तिया डिडिंगला घर राखायला बसवलंय, दुःखाचं घर रिकामं ठेवू नये म्हणून. ती आपल्या शेजारी सहा वर्षांपूर्वी राहायला आली, तुला माहीत नाही. मी जीपनी धरली ती शहरात उतरले, दुसरी धरली ती इथे.

फोन घरीच राहिला, प्रार्थना वाजत होत्या.

समोर दार दिसतंय. आत येणारा प्रत्येक टकला माणूस मी बघतेय. बरेच आहेत.

*

पावणेतीन. तुझ्या रांगेत सात-आठ जण लागलेत. एक बाई तीन खोकी घेऊन आलीय आणि वजन कमी करायला सगळे कपडे अंगावर घालतेय. पूर्वी तू असतास तर किती हसला असतास.

मी काय बोलायचं ते ठरवलंय. काहीच नाही. पिशवीत बेकरीतल्यासारखे पाव आहेत, इथल्या दुकानातून घेतले, दुप्पट किंमत लावतात मेले. तेवढे तुझ्या हातात द्यायचे.

*

चार. अजून नाही.

*

चार चाळीस. काउंटर बंद झालं. मी त्या मुलीला म्हटलं, एक प्रवासी यायचाय. तिने नाव विचारलं, पडद्यावर बघितलं, म्हणाली, आला नाही मॅडम. मी म्हटलं, मला माहीत आहे कसं बघतात ते, जरा मलाही दाखव. तिने पडदा वळवला. इलोइलो ते सिंगापूर, आला नाही.

*

विमान उडालं. मी काचेतून बघितलं.

तर सेबूहूनच गेलास. माझं तिकीट फेकून दिलंस आणि वेगळं काढलंस. मधला तुकडा तुला पार करवला नाही. माझ्यावर राग असेल, ठीक. पण ती बाई काय लागत होती तुझी? बारा दिवस पेटीत वाट बघत होती. तुझ्यासारखा दगड आपल्या घराण्यात कुठून आला कळत नाही. जा. सुखाने राहा. मी परत पत्र लिहिणार नाही. हे आहे तसं टाकून देणार आहे टपालपेटीत.


२६ ऑगस्ट, गिंबाल

तोतो,

कालचं पत्र काल संध्याकाळीच टपालपेटीत टाकलं. ते आधी पोचेल. ते वाचू नकोस असं कसं लिहू, हे हातात येईल तेव्हा वाचलेलं असेल.

काल मी सव्वाआठला घरी आले. तिया डिडिंग पायरीवर बसली होती. ती म्हणाली, कुठे होतीस ग बाई, एवढं मोठं पाग्पाग कोण करतं? एक माणूस येऊन गेला.

मी विचारलं, कोण. ती म्हणाली, नाव नाही सांगितलं, मीही नाही विचारलं, पण नाक तुझंच होतं.

जेसेलला मी त्याच वेळी फोन लावला. ती रडत होती. तिने सांगितलं, पापा चोवीसला बोटीच्या धक्क्यावर गेला होता आणि तिथून परत आला. त्याला तो धक्का बघवला नाही. रात्रभर बसून राहिला आणि सकाळी म्हणाला, विमानाने जातो. असेल त्या भावाने. तिने अडवलं नाही. म्हणजे तू साडेदहाला त्याच विमानतळावर उतरलास. मी इथून निघाले तेव्हा तू तिथून निघाला होतास. त्या रस्त्यावर कुठेतरी तुझी गाडी माझ्या जीपनीजवळून गेली असणार. मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते. रस्त्याकडेच बघत होते.

सव्वाबाराला तू फाटकातून आत आलास. तिया डिडिंगने सांगितलं, आत्ताच सगळं आटपलं, माणसं बेकरीतून येतीलच, दफनभूमी जवळ आहे, जाऊन ये हवं तर. तू नाही म्हणालास. तू म्हणालास, "मागच्या वेळी मी आधी तिकडे गेलो आणि तिथूनच निघालो. ती चूक झाली. आता मी घरातच बसतो, मानांग आली की दोघं जाऊ."

हे तिने मला तीनदा सांगितलं. मीच तिला सांगायला लावलं.

बेकरीतली माणसं आली आणि हातपाय धुऊन आपापल्या घरी गेली. तुला कुणी ओळखलं नाही. टक्कल पडलंय ना. तिया डिडिंगने तुला ताट वाढलं. तू झाकून ठेव म्हणालास. तू त्या बाकावर बसलास जिथे ताताय बसायचा. माझा फोन आतून दोनदा वाजला म्हणे, तो कुणाचा होता ते मी आता बघितलंय. अकरा वर्षांनी तू माझा नंबर उघडलास आणि फोन तुझ्याच पाठीमागे भिंतीपलीकडे वाजला. तिसऱ्यांदा तू लावला नाहीस.

तीन वाजता तिया डिडिंगने विचारलं, तुला परत कुठे जायचंय का? तू म्हणालास, विमान आहे. ती म्हणाली, मग ऊठ की, दीड-दोन तासांचा रस्ता आहे. तू म्हणालास, राहू दे.

आणि साडेपाचला, विमानाची वेळ जवळ आली तेव्हा, ती कंटाळून म्हणाली, ही बाई गेली कुठे, दफनभूमी ते घर काय एवढं लांब आहे? तेव्हा तू हसलास म्हणे. म्हणालास, "चालत येत असेल. जीपनीचे पैसे वाचवायला."

सातला तू उठलास. सेबूची रात्रीची बोट निघते नऊला, तीच. तुला बघवत नव्हती ती बोट. तिया डिडिंग तुला सोडायला फाटकापर्यंतही आली नाही. जागरणाच्या घरातून पाहुण्याला पोचवायचं नसतं, तिने रीत पाळली. ताट तसंच होतं. मी ते अजून उचललेलं नाही, मुंग्या लागल्यात.

जेसेल म्हणते, तू आज सेबूहून निघालास. मी तिला म्हटलं, पापाला सांग, मी विमानतळावर होते, दहा वेळा सांग. ती म्हणाली, सांगितलं तिया. मी विचारलं, चेहरा बघितलास? म्हणाली, खिडकीकडे होता.

तू विश्वास ठेवणार नाहीस. मी तरी कुठे ठेवला असता? एवढंच मिळतंय म्हणणारीच बाई मी.

आता शेवटचं सांगते, ते तरी लपवत नाही. विमान पावणेसहाला उडालं. तशीच निघाले असते तर सातच्या आत घरी नसते पोचले, पण साडेसातला पोचले असते, म्हणजे तुझ्या वाटेवर, बाजारच्या थांब्यावर, जिथे शहराची शेवटची जीपनी साडेसातपर्यंत भरत उभी असते, तिथे आपण भेटलो असतो. तिया डिडिंग म्हणते तू तिथेच उभा होतास, तिच्या नातवाने बघितलं. गाडी भरेपर्यंत उभाच होतास, आत बसला नव्हतास.

पण मी शहरात उतरले आणि बाचोयच्या दुकानात शिरले. सकाळपासून पोटात काही नव्हतं. घरी कुणी वाट बघत नव्हतं, असं मला वाटत होतं. एक वाडगा घेतला. शेवया संपल्या तेव्हा उठायला हवं होतं. मी बसले आणि रस्सा परत मागितला. दुसऱ्यांदाचा रस्सा तिथे फुकट असतो, तोतो. म्हणून मागितला.

तुझी मानांग